दही, आंबोळी आणि 'शुगर'

वाचायला सुरुवात करण्याआधी एक छोटं काम करा. घरातला फ्रीज उघडा आणि त्यात आंबवलेले पदार्थ किती आहेत ते मोजा. दही असेलच. ताक असेल. इडलीचं पीठ कदाचित असेल. चीजही आंबवूनच करतात, तेव्हा तेही धरा. ईलिंगमध्ये राहत असाल, तर पोलिश दुकानातून आणलेला केफिर किंवा आंबवलेल्या कोबीची बरणीही सापडेल. ॲक्टनच्या बाजूला जपानी लोकांची वस्ती आहे, त्यामुळे एखाद्या घरात मिसोचा डबाही निघेल.

आता दुसरं काम. तुमच्या नात्यात किती जणांना 'शुगर' आहे ते मोजा. पुस्तकात आपण 'मधुमेह' म्हणतो, दवाखान्यात 'डायबेटिस' म्हणतो, पण घरी बोलताना 'काकांना शुगर निघाली' असंच म्हणतो. आजी, आजोबा, काका, मामा, आत्या असे सगळे धरा. बहुतेक मराठी घरांत हा आकडा शून्य येत नाही.

या पाठाचा विषय या दोन आकड्यांचा एकमेकांशी काय संबंध आहे हा आहे. 'रोज ताक प्या, शुगर पळून जाईल' असे निरोप फोनवर सारखे फिरत असतात. त्यात खरं किती आणि फुगवलेलं किती, ते बघू या.

साउथॉलमध्ये काय सापडलं

ईलिंग ब्रॉडवे स्टेशनवरून एलिझाबेथ लाइनने पश्चिमेकडे निघालात की तिसरं स्टेशन साउथॉल. साउथॉल हा ईलिंग बरोचाच भाग आहे. भाजी, मसाले, मिठाई, साड्या, सगळं तिथे मिळतं. पण वैद्यकाच्या जगात साउथॉल वेगळ्याच कारणासाठी प्रसिद्ध आहे.

१९८८च्या सुमारास पॉल मॅकीग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या ४० ते ६९ वर्षांच्या लोकांची तपासणी सुरू केली. एकाच भागात राहणारे युरोपीय आणि दक्षिण आशियाई लोक त्यांनी तपासले. १९९१ साली निष्कर्ष छापून आले. युरोपीय लोकांत मधुमेहाचं प्रमाण ४ टक्के होतं आणि दक्षिण आशियाई लोकांत १९ टक्के. हवा तीच, रस्ते तेच, दवाखाने तेच, आणि फरक जवळजवळ पाचपट! पुढे साउथॉल आणि शेजारच्या ब्रेंटमधल्या याच लोकांचा वीस वर्षं पाठपुरावा केला गेला. त्यातून असं दिसलं, की वयाच्या ८०व्या वर्षापर्यंत दक्षिण आशियाई लोकांपैकी ४० ते ५० टक्के लोकांना मधुमेह होतो. युरोपीय लोकांच्या हे दुप्पट आहे.

साउथॉलच्या अभ्यासात बहुसंख्य लोक पंजाबी होते. मग आपला काय संबंध, असं वाटेल. त्यासाठी पुण्याला जाऊ. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचाच एक फोटो 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा होता, २२.३. बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा. पण शरीरातली चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बाहेरून दोघे सडपातळ, आतून मात्र हिशेब वेगळा. आपल्या माणसांची चरबी पोटाच्या आत, यकृताभोवती साठते, आणि तिथली चरबी इन्शुलिनच्या कामात अडथळा आणते. म्हणूनच इंग्लंडमध्ये डॉक्टर आपल्या लोकांसाठी बीएमआयची धोक्याची रेषा २३ धरतात. इतरांसाठी ती २५ आहे. 'मी कुठे जाड आहे?' हे आपल्या घरातलं लाडकं वाक्य इथे फारसं उपयोगाचं नाही.

साखर आणि गंज

आता जरा अवघड भाग. हळूहळू वाचा.

रक्तातली साखर म्हणजे ग्लुकोज. ते पेशींमध्ये शिरतं आणि तिथे जळून ऊर्जा तयार होते. पेशीत ज्या ठिकाणी हे जळण होतं, त्यांना मायटोकाँड्रिया म्हणतात. आपण त्यांना पेशीतल्या चुली म्हणू. चूल पेटली की थोडा धूर होतोच. तसंच इथेही ऊर्जा तयार होताना ऑक्सिजनचे काही फार चंचल कण बाहेर पडतात. त्यांना फ्री रॅडिकल म्हणतात. हे कण समोर जे येईल त्याला धक्का देतात, मग ती पेशीची भिंत असो, प्रथिनं असोत की डीएनए असो. लोखंडाला गंज चढतो किंवा कापलेलं सफरचंद तपकिरी पडतं, तीही ऑक्सिजनचीच करामत.

निरोगी शरीरात हा धूर आवरण्याची सोय असते. ग्लुटाथायोन नावाचं रसायन आणि सुपरऑक्साइड डिसम्युटेज नावाचं एन्झाइम हे काम करतात. (नाव लांबलचक आहे, पाठ करायची गरज नाही.) धूर जास्त आणि आवरणारे कमी अशी वेळ आली, की त्या अवस्थेला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. मराठीत 'ऑक्सिडीकरणाचा ताण' असं म्हणता येईल, पण दवाखान्यात तुम्हाला इंग्रजी शब्दच ऐकू येईल.

मधुमेहात नेमकं हेच होतं. रक्तात साखर जास्त असली की स्नायूंच्या पेशी आपलं दार थोडं लावून घेऊ शकतात. पण डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या, मूत्रपिंड आणि नसा यांना तसं करणं जमत नाही. बाहेर साखर जितकी वाढेल, तितकी ती आत शिरते. चुलीत जळण कोंबलं जातं आणि धूर वाढतो. अमेरिकेतले मायकेल ब्राउनली यांनी २००१ साली 'नेचर'मध्ये मांडलं, की मधुमेहामुळे होणाऱ्या वेगवेगळ्या इजांच्या मुळाशी हा जास्तीचा धूरच आहे. डोळे, मूत्रपिंड आणि पाय यांनाच मधुमेह का त्रास देतो, हे त्यावरून बरंच कळतं.

साखर रक्तातल्या हिमोग्लोबिनलाही चिकटते. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्यामुळे किती हिमोग्लोबिनला साखर चिकटली आहे हे मोजलं, की मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब कळतो. या तपासणीचं नाव एचबीएवनसी. इंग्लंडमध्ये हा आकडा ४८ किंवा जास्त आला तर मधुमेह, आणि ४२ ते ४७ आला तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर, असं धरतात. भारतात हीच तपासणी टक्क्यांत सांगतात. पुण्याची आत्या फोनवर 'माझं साडेसहा आलं' म्हणाली आणि इथले बाबा 'माझं अठ्ठेचाळीस' म्हणाले, तर घाबरू नका, दोन्ही एकच आहे.

मग अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घ्यायच्या का?

धूर वाढला असेल तर धूर आवरणारं काहीतरी बाहेरून द्यावं, हा विचार कुणालाही सुचेल. शास्त्रज्ञांनाही तो सुचला. ऑक्सफर्डच्या लोकांनी ब्रिटनमधल्या २०,५३६ माणसांवर त्याची परीक्षा घेतली. त्यात मधुमेह असलेले जवळजवळ सहा हजार होते. निम्म्या लोकांना पाच वर्षं रोज ई जीवनसत्त्व, सी जीवनसत्त्व आणि बीटा कॅरोटीन दिलं. बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या पण काहीही औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. २००२ साली निकाल आला. रक्तातली जीवनसत्त्वं वाढली होती, पण हृदयविकार, पक्षाघात किंवा मृत्यू यांत काहीच फरक पडला नव्हता. गंमत म्हणजे त्याच अभ्यासात कोलेस्टेरॉल कमी करणारी साधी सिम्व्हास्टॅटिनची गोळीही तपासली होती. तिने हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात सुमारे एक चतुर्थांशाने कमी केले.

हा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो. एखादी गोष्ट कागदावर पटते म्हणून ती शरीरात चालेलच असं नाही. 'यात भरपूर अँटिऑक्सिडंट आहेत' असं डब्यावर लिहिलेलं दिसलं, तर हे वीस हजार लोक आठवा.

धूर कमी करायचा पक्का मार्ग म्हणजे चुलीत कमी जळण घालणं. ब्रिटनमधल्याच दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात, १९७७ ते १९९७ या काळात, नुकताच मधुमेह झालेल्या ५,१०२ लोकांना पाहिलं गेलं. ज्यांची साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवली, त्यांच्यात डोळे आणि मूत्रपिंड यांच्या बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास २५ टक्क्यांनी कमी झाले.

आंबतं तेव्हा काय होतं

आता स्वयंपाकघरात या. दूध कोमट करून त्यात चमचाभर विरजण घातलं, की जिवाणू दुधातली साखर खाऊ लागतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. दूध घट्ट आणि आंबट होतं. लंडनच्या हिवाळ्यात दही लागत नाही अशी तक्रार प्रत्येक घरात असते, कारण या जिवाणूंना साधारण ४० अंशांची ऊब आवडते. पातेलं ओव्हनमध्ये ठेवून नुसता दिवा लावला तरी काम होतं.

इडलीच्या आणि आंबोळीच्या पिठात तांदूळ आणि उडीद यांच्या अंगचेच जिवाणू काम करतात. ते आम्लाबरोबर वायूही सोडतात, म्हणून पीठ फुगतं. ज्वारीची किंवा नाचणीची आंबील हाही असाच प्रकार. विदर्भात गौरींच्या, म्हणजे महालक्ष्मीच्या सणाला ज्वारीच्या आंबिलीचा नैवेद्य असतो. आंबवल्याने धान्यातलं फायटिक आम्ल कमी होतं आणि लोह, जस्त शरीराला जास्त मिळतं. शेतात दिवसभर राबणाऱ्या माणसाला आंबील का मानवायची, त्याचं एक कारण हे असावं.

इथे एक शब्दाचा फरक लक्षात घ्या. दही 'लागतं', पीठ 'आंबतं' आणि लोणचं 'मुरतं'. आपली भाषा हे तीन वेगळे शब्द उगाच ठेवत नाही. कैरीचं लोणचं टिकतं ते मुख्यतः मीठ, मोहरी आणि तेल यांच्या जोरावर. त्यात जिवाणूंचं काम फारसं नसतं. त्यामुळे कोरियन किमची किंवा पोलिश कोबी यांच्याबद्दल जे सांगतात, ते आपल्या लोणच्याला सरसकट लावू नका.

दुसरा प्रश्न म्हणजे खाताना ते जिवाणू जिवंत असतात का? दह्यात आणि ताकात असतात. कढी उकळली की मरतात. इडली वाफवली, आंबोळी तव्यावर घातली, आंबील शिजवली, तरी मरतात. म्हणजे ते पदार्थ वाईट झाले असं नाही. आम्ल आणि पचायला हलकं झालेलं धान्य उरतंच. पण 'इडलीतून प्रोबायोटिक मिळतात' हे वाक्य चुकीचं आहे.

साखरेवर परिणाम होतो का?

तब्रीझमध्ये ६४ मधुमेही लोकांवर एक प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २०१२ साली छापला गेला. एका गटाला सहा आठवडे रोज ३०० ग्रॅम खास जिवाणू घातलेलं दही दिलं आणि दुसऱ्या गटाला तेवढंच साधं दही. खास दही खाणाऱ्यांची उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी कमी झालं, आणि धूर आवरणारी एन्झाइम वाढली. चरबीला 'गंज' चढल्याची जी खूण रक्तात मोजतात, ती मात्र दोन्ही गटांत कमी झाली, साधं दही खाणाऱ्यांतही. निकाल आशादायक आहे. पण ६४ माणसं आणि सहा आठवडे. शेजारी ऑक्सफर्डची वीस हजार माणसं आणि पाच वर्षं ठेवून बघा.

केंब्रिजच्या संशोधकांनी नॉरफोकमधल्या लोकांच्या खाण्याच्या नोंदी घेऊन ११ वर्षं वाट पाहिली. २०१४ साली त्यांनी सांगितलं, की दही अजिबात न खाणाऱ्यांपेक्षा ते भरपूर खाणाऱ्यांत, म्हणजे आठवड्याला १२५ ग्रॅमचे साधारण साडेचार डबे खाणाऱ्यांत, टाइप दोन मधुमेह होण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी कमी होतं. पण दही खाणारी माणसं कदाचित चालतही जास्त असतील, तळलेलं कमी खात असतील. अशा अभ्यासात हे पूर्ण वेगळं काढता येत नाही. २०२४ साली अमेरिकेच्या अन्न आणि औषध खात्याने दह्याच्या डब्यांवर मधुमेहाचा धोका कमी होण्याबद्दल एक वाक्य लिहायला परवानगी दिली, तीही 'पुरावा मर्यादित आहे' असं त्याच वाक्यात म्हणण्याच्या अटीवर.

आणखी एक प्रयोग स्टॅनफर्डचा, २०२१चा. ३६ निरोगी माणसांपैकी निम्म्यांनी दहा आठवडे दही, केफिर, किमची असे पदार्थ भरपूर खाल्ले. त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातल्या, शरीराचा दाह दाखवणाऱ्या १९ प्रथिनांचं प्रमाण घटलं. दाह आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस एकमेकांना वाढवतात, म्हणून हे महत्त्वाचं. पण ही माणसं मधुमेही नव्हती, हे विसरू नका.

माझं मत विचाराल तर, साधं दही आणि ताक मधुमेह असलेल्या माणसाच्या ताटात रोज असायला काहीच हरकत नाही आणि त्याने थोडा फायदा होण्याची शक्यताही आहे. त्याला औषध म्हणू नये. ताकाचा पेला सुरू झाला म्हणून मेटफॉर्मिनची गोळी बंद, हा व्यवहार तोट्याचा आहे. गोळी कमी करायची की नाही हे एचबीएवनसीचा आकडा आणि डॉक्टर ठरवतात.

ताटात काय, आणि किती

आंबवलेलं म्हणजे चांगलं असं असतं, तर जिलबी औषध झाली असती. तिचंही पीठ आंबवतात! अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवतात, पण पुढे त्यात गूळ पडतो आणि ते तळले जातात. श्रीखंड दह्याच्या चक्क्याचंच, पण त्यात जवळजवळ तितकीच साखर असते.

इडलीबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण मधुमेही माणसाला 'इडली खा, हलकी असते' असं सगळेच सांगतात. हलकी म्हणजे पचायला सोपी. पण जे सोपं पचतं, त्यातली साखर रक्तात लवकर येते. आंबटपणामुळे पिठूळ पदार्थ थोडे सावकाश पचतात, हे पावावरच्या प्रयोगांत दिसलं आहे. तरी इडलीत मुख्य माल पांढरा तांदूळच असतो. पाच इडल्या आणि वाटीभर चटणी यापेक्षा दोन इडल्या आणि भाज्या घातलेलं भरपूर सांबार बरं. तांदूळ कमी करून उडीद, मूग किंवा नाचणी वाढवली तरी चालतं. आंबोळीचंही तेच, तिच्याबरोबर काळ्या वाटाण्यांची उसळ घ्या. मालवणी घरांत ती जोडी तशीही ठरलेलीच आहे.

दुकानात गेलात तर दह्याच्या डब्याची मागची बाजू वाचा. साध्या दह्यात १०० ग्रॅमला साधारण ५ ग्रॅम साखर असते, ती दुधातलीच. फळांच्या दह्यात हा आकडा अनेकदा दुप्पट किंवा त्याहून जास्त असतो. 'लाइव्ह' हा शब्द आहे का तेही पाहा. बाटलीतल्या कोंबुचातही साखर उरलेली असू शकते. आणि मीठ! ताकात, लोणच्यात, किमचीत, मिसोत, सगळीकडे ते असतं. मधुमेहाबरोबर रक्तदाबही असलेल्या माणसांची संख्या मोठी आहे. इथे मोठ्या माणसाला दिवसाला ६ ग्रॅमपेक्षा जास्त मीठ नको असं सांगतात, म्हणजे सपाट चमचाभर. ताकात मीठ कमी करून जिरं, आलं, कोथिंबीर वाढवली तर चव जात नाही.

शाकाहारी घरांसाठी एक जास्तीची गोष्ट. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं की शरीरातलं बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. हातापायांना मुंग्या येतात, थकवा येतो, आणि घरचे म्हणतात, 'शुगरमुळेच असणार.' दह्यात बी-१२ असतं, पण आधीच कमतरता असेल तर तेवढ्याने भागेलच असं नाही. रक्त तपासून घेता येतं.

इंग्लंडमध्ये ४० ते ७४ वयाच्या लोकांना दर पाच वर्षांनी मोफत आरोग्य तपासणीसाठी बोलावतात. मधुमेह झाला असेल तर एचबीएवनसी, डोळे, पाय आणि मूत्रपिंड यांची तपासणी नियमित होते. अशा वेळी आजीबरोबर दवाखान्यात बहुधा तुम्हीच जाता, कारण दोन्ही भाषा तुम्हाला येतात. नर्सने आजीला 'काय खाता?' असं विचारलं आणि आजी 'काही नाही गं, दोन घास' म्हणाली, तर तेवढंच भाषांतर करून थांबू नका. आजीला विचारा, 'सकाळी किती आंबोळ्या? दह्यात साखर घालतेस का? लोणचं रोज लागतं का?' नर्सला दही आणि इडली माहीत असेल. आंबोळी मात्र तांदूळ आणि उडदाची असते, ताटलीएवढी असते आणि आजी त्या तीन खाते, हे तुम्हालाच सांगावं लागेल.